गफूरमियाँची घुमणारी मोटार

गफूरमियाँ मोटारीतून उतरले की पुढचा पाव तास सगळ्या जगाला बहिरं समजत. "बाई, भेंडी कशी आणली?" हे ते मला दोन हातांवरून असं विचारत, की उत्तर चौकातला भाजीवाला देई. दोष त्यांच्या कानांचा नव्हता, मोटारीचा होता. आणि मोटारीतला दोष तिच्या मालकाचा होता, हे उमरग्यात त्यांना तोंडावर सांगणारी मी एकटी. मी सरकारी दवाखान्यात सुईण. आमची घरं एका भिंतीची. त्यांनी मोटार सुरू केली की माझ्या फळीवरचे डबे चालायला लागत.

ही मोटार मूळची एका जहागीरदाराच्या मुलाची, शर्यतीची. त्याला कंटाळा आला, तेव्हा गफूरमियाँनी घेतली. लाकडाची वखार बरी चालली की माणसाला असलं काहीतरी सुचतं. लांब नाक, दोन दारं, मागं दोघं अंग चोरून बसतील एवढी बैठक आणि वर उघडं आभाळ. उघड्या मोटारीत घरच्या बायका कशा बसणार? म्हणून त्यांनी वखारीतल्या फळ्या आणि पत्रा ठोकून छत केलं, चहूकडून बंद, खिडक्यांना पडदे. इथवर ठीक. पण शर्यतीची मोटार गप्प चालते, हा त्यांना आपला अपमान वाटला. चांगला सायलेन्सर काढून टाकला आणि तुकाराम तांबटाकडून मनगटाएवढी जाड, सरळसोट नळी करून घेतली.

"आवाज शेराचा पाहिजे, बाई!"

शेर बाहेर किती गेला कोण जाणे, आत मात्र पुरता शिरला. ताशी पंचवीस मैलांवर काही नाही. पस्तीसवरही नसावं. नेमका काटा तीसवर आला की ती पेटी अशी घुमायची, की दाढा हलायच्या. आमच्या रस्त्यांवर तीसच्या वर जाता येत नसे आणि खाली यायला गफूरमियाँ तयार नसत. "तीस के नीचे तो बैलगाडी बी चलती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा अडलेल्या बाईसाठी मी त्या मोटारीतून एका वस्तीवर गेले. मूल रडलं की नाही, हे मला त्याच्या उघड्या तोंडावरून ठरवावं लागलं.

ही हौस त्यांच्या अंगाशी आली ती लेकीपायी. मेहरून एकुलती एक, गुलबर्ग्याला दिलेली. आई तिच्या लग्नाआधीच वारलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, माझ्या हातून व्हायचं, हे ठरलेलं. सातवा लागला आणि तिच्या सासूचा निरोप आला: 'त्या ढोलात आमची सून बसणार नाही. नीट वाहन आणा, नाहीतर बाळंतपण इथंच होईल.'

"दुसऱ्या कुणाची मोटार मागा," मी म्हटलं.

"माझी लेक दुसऱ्याच्या गाडीत? नक्को!"

"मग जुना सायलेन्सर लावा."

तो तुकारामानं कधीच मोडून त्याचा पत्रा बादल्यांच्या बुडाला लावला होता. नवा मिळायचं नाव नाही, लढाईचे दिवस. "मग बसा शेराला कुरवाळत," मी म्हटलं, "आणि नातवाचं तोंड बघा वर्षानं." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीला तेवढीच विश्रांती.

मग उपाय सुरू झाले. पहिल्यांदा फळ्यांखाली घोंगड्या घातल्या. नळी तापली आणि मोटारीतून जळक्या मेंढरांचा वास घेऊन मियाँ परतले. मग नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. तो वखारीसमोर उडाला आणि पोलीस पाटलाच्या पायांशी धुमसत पडला. पाटलाला वाटलं, बाँब. त्याला समजावण्यात एक दिवस गेला.

शेवटी लिंगप्पा सनईवाला आला. तो दोन फेऱ्या मारून उतरला, तोंडानं तोच सूर धरून.

"मियाँ, सूर कोंडलाय. त्याला बाजूला एक बोळ द्या. फुडनं बंद. जाईल, आपटंल, अन् परत येताना सोताच्याच अंगावर पडंल. मग गप."

"सुराला बोळ?" मी म्हटलं. "उद्या न्हाणीघरही बांधा."

"बाई, तुमी पोरं काढा. सूर आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

तुकारामानं मोठ्या नळीला अडीच हातांची आंधळी नळी जोडली, आत सरकणारं पितळी बूच. मग तीन बाप्ये माणसं तीन दिवस सोलापूरच्या रस्त्यावर. मोटार तीसवर न्यायची, लिंगप्पानं डोळे मिटून ऐकायचं, "अजून बोटभर" म्हणायचं, की तुकाराम मोटारीखाली. कुपनावर मिळालेलं पेट्रोल असं बोटाबोटानं संपत होतं. चौथ्या दिवशी मला बसवलं. काटा तीसवर आला. मी दाढा आवळून बसले होते. काहीच झालं नाही. बाहेर कोंबड्या पूर्वीसारख्याच पळत होत्या. आत मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. लिंगप्पानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

गुलबर्ग्याला मीही गेले. विहीणबाई स्वतः मोटारीत बसून एक चक्कर मारून आल्या, मगच सुनेची पेटी बाहेर आली. मेहरून माझ्याशेजारी मागं बसली. सासर तिला मानवलेलं दिसत होतं, गाल वर आले होते. गाव मागं पडलं तशी ती हसायला लागली.

"अब्बा, आज तुमच्याशी बोलता तरी येतंय! लग्नाच्या दिवशी सगळी वाट मी तुमच्या कानाशी ओरडत होते. गाडी फिरवा, मला नाही जायचं. आणि तुम्ही आपले मान हलवताय, हौ बेटा, हौ बेटा!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, लई राग धरला होता मी. महिनाभर. मग ध्यानात आलं, ह्या घुमण्यात त्यांना ऐकू तरी काय येणार? तेव्हा कुठं राग गेला."

गफूरमियाँ हसले. मग उमरगा येईपर्यंत मोटार पंचवीसवर होती.

मेहरून घरात गेली, आडवी झाली. मी निघाले तर मियाँ मोटारीला टेकून उभे.

"बाई, ऐकू आलं होतं मला. शब्द न् शब्द."

मी थांबले.

"निकाह झालेला. मागच्या गाडीत तिच्या सासरची माणसं. फिरवणार कशी? आवाज होता, म्हणून हौ हौ करत निभावलं. त्या आवाजाला दोन वर्षं हात लावला नाही मी." त्यांनी दाराकडं बघितलं. "आता सांगू तिला?"

आतून मेहरूनचं हसणं ऐकू येत होतं. कामवालीला ती आपल्या सासूची नक्कल करून दाखवत होती.

"नका सांगू," मी म्हटलं. "तिची पेटी उतरवा आधी."

पेटी जड होती. त्यांनी ती कुणाला हात लावू न देता एकट्यानं आत नेली.