काठी वर, आणि वरपक्ष प्रदक्षिणेला!

वक्तृत्वाच्या बाबतीत विनय बाळगणे मला कधी साधले नाही, आणि त्याची आवश्यकताही भासली नाही! मसाका परिसरात कोणाच्याही घरी मुलीला मागणी येवो, वधूपक्षाचा प्रवक्ता म्हणून मान माझा. मग थोरली नात नाल्वोगा हिच्या मागणीच्या दिवशी मी आणखी एक कार्य शिरावर घेतले, तर त्यात नवल ते काय? धाकटी नात नांतेझा, वय वर्षे तेरा, हिला मी संपूर्ण सोहळाभर सभेत बसवून दाखवणार होतो!

"बाबा, ती सभेत नको," माझी कन्या युनिया म्हणाली. युनिया ही मुलींची आत्या. आणि मागणीच्या दिवशी आमच्याकडे आत्याच्या शब्दापुढे प्रत्यक्ष बापाचेही चालत नाही. "ईस्टरला पाद्रीबाबांचं प्रवचन चालू होतं आणि ही बया खिडकीतून कोंबडीमागे!"

"कोंबडी आधी पळाली, आत्या!"

"तू गप! आज गोंधळ घातलास ना, तर पुढच्या सत्रापासून बोर्डिंग! तिथे बसवतात बरोबर."

नांतेझाचा चेहरा एकदम विझला. ते पाहून माझा निश्चय वज्रासारखा दृढ झाला.

नांतेझाला एडीएचडी आहे, असे कम्पालाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. "पोर हट्टी नाही, आळशी तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तिच्या मेंदूचा लगाम जरा उशिरा लागतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा. बसवायचंच असेल तर मधून मधून पळूही द्या." हा उपदेश मी गुरुवाक्याप्रमाणे शिरोधार्य मानला होता.

"नांतेझा, ऐक. मी काठी वर उचलली की उठायचं, घराला एक चक्कर मारायची, परत येऊन बसायचं."

"काठी वर, चक्कर, बसायचं. बास?"

"बास!"

"जमेल, जज्जा!" आजोबांना आमच्याकडे जज्जा म्हणतात, आणि तो शब्द तिने इतक्या निर्धाराने उच्चारला की मला गहिवरून आले.

योजना सर्वांगसुंदर होती. पाहुण्यांना सरबत देताना एकदा, भेटवस्तू आणताना एकदा, अशी मी काठी उचलणार होतो. मात्र मी बोलू लागलो की माझी काठी माझी राहत नाही, हे मला आजवर कोणी सांगितलेच नव्हते!

पाहुणे आले. शुभ्र कांझूवर, म्हणजे पायघोळ अंगरख्यावर, कोट चढवलेले पुरुष मांडवात ओळीने बसले. नवरदेव त्यांच्यातच कुठेतरी दडलेला. त्याला हुडकून छातीवर फूल टोचायचे, हे काम आत्याचे. वरपक्षाचे प्रवक्ते होते कासुले. प्रवक्त्यांच्या या जुगलबंदीत शिष्टाचार चुकला की दंड; आणि कासुल्यांना आजवर कोणी दंड केलेला नव्हता.

"कोण हो तुम्ही?" रीतीप्रमाणे मी अनभिज्ञ झालो. "वाट चुकलात की काय?" आणि 'वाट' म्हणताना काठी वर गेली.

नांतेझा उठली. गोमेसीचा, आमच्याकडच्या सणासुदीच्या झग्याचा, घोळ मुठीत धरून बाणासारखी सुटली, घराला चक्कर मारून आली आणि समईच्या ज्योतीसारखी निश्चल बसली. मी कृतार्थ झालो. पण माझ्या काठीकडे माझे लक्षच नव्हते!

मी पूर्वजांचे स्मरण केले. काठी वर! नांतेझा गेली. मी घराण्याची कीर्ती सांगितली. काठी वर! नांतेझा पुन्हा गेली.

कासुल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते शेजाऱ्याच्या कानाशी लागले. पण प्रवक्त्याची कुजबुज ती, साऱ्या मांडवाला ऐकू आली. "अरे, यांच्यात पूर्वजांचं नाव निघालं की घराला फेरी घालतात! आणि आपण ठोंब्यासारखे बसलोय! म्हातारा दंड ठोकणार बघ!"

तत्क्षणी ते उभे राहिले. "आपल्या पूर्वजांना आमचाही मान!" आणि पहिली रांग धावू लागली!

काय हा आदर! भारावून मी त्यांना अभिवादन केले, अर्थात काठीसकट. नांतेझा निघाली आणि तिच्यामागे उरलेल्या सगळ्या रांगा! स्थूल मामा, दम्याचे काका, नव्या बुटांनी लंगडणारे मित्र, सारे केळीच्या बागेकडून घराला वळसा घालत धावत होते. मागच्या अंगणात मटोकेची हिरवी केळी शिजवणाऱ्या बायका ओरडल्या, "अगं बाई, आग लागली की काय!"

इतक्यात हातात फूल घेऊन युनिया बाहेर आली. समोर नुसत्या खुर्च्या!

"नवरा कुठाय?"

"घरामागे पोचला असेल आता," मी म्हणालो.

"बाबा! थांबवा त्यांना!"

"थांबा हो, थांबा!" मी गर्जलो, आणि गर्जताना हात खाली ठेवण्याची विद्या मला कोणी शिकवलेली नाही.

आणखी एक फेरी!

शेवटी नांतेझाच माझ्यासमोरून जाताना धापा टाकत ओरडली, "जज्जा, काठी खाली ठेवा! मग मी थांबते!"

मी काठी जमिनीवर ठेवली. नांतेझा बसली. तिला पाहून पाहुणे बसले. एक तरुण मात्र आणखी एक फेरी पूर्ण करूनच आला. युनियाने सरळ त्याच्या छातीवर फूल टोचले. इतकी कळकळ दुसऱ्या कोणाला असणार?

मग ती नांतेझाकडे वळली.

"इतकं कशाला पळालीस गं?"

"काठी वर गेली म्हणून."

"आणि मधल्या वेळात?"

"बसले होते की! खूप अवघड होतं, आत्या. अंगभर मुंग्या चालल्यासारखं होतं. पण म्हटलं, काठी वर जाईल. तोवर बसायचं. बसले."

युनियाने पोरीच्या कमरेचा सुटलेला पट्टा नीट बांधला.

"बोर्डिंगबिर्डिंग काही नको. पोर ऐकते. सांगणाऱ्यालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "नांतेझा, आत जा, ताटं मांड, आईला बोलाव, शेळी सोड आणि..." ती मध्येच थांबली. "नाही. पाणी आण."

नांतेझाने पाणी आणले. पहिला पेला कासुल्यांना, दुसरा नवरदेवाला, मग दम्याच्या काकांना. वक्त्याच्या घशालाही कोरड पडते, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पण त्या दिवशी मला आमच्या घरात पुन्हा कोणी बोलूच दिले नाही!