बेबीच्या गालाला मिळालेली स्थगिती

आमच्या गावात चेहऱ्यावर परवानगीशिवाय भर घातली तर ते अनधिकृत बांधकाम धरतात आणि नगरपरिषद नोटीस देते. त्यासाठी जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी वेगळा चेहरे विभाग आहे. तिथं आवक-जावकच्या टेबलावर मी चोवीस वर्षं बसते. लोक येतात, हनुवटीचा नकाशा दाखल करतात, नाकाची उंची मंजूर करून घेतात आणि घरी जातात. नियमानं वागणाऱ्याला आमच्याकडं काही त्रास नाही, हे मी ज्याला त्याला सांगत आले. आणि माझ्याच सख्ख्या धाकट्या बहिणीनं, बेबीनं, स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हातानं डाव्या गालात सुई खुपसली.

बेबी साडीच्या दुकानात पुढच्या गादीवर असायची. टायफॉइडनं तिचे गाल बसले, तशी मालकानं तिला मागं घड्या घालायला बसवलं. वीस वर्षं गिऱ्हाइकापुढं पदर उलगडून दाखवणाऱ्या बाईला मागं बसवलं की तिचं काय होतं, ते मला कळत नव्हतं असं नाही. पण मी म्हणाले, जेवण वाढव, येतील गाल. तिनं गालात टोचायचा भराव पार्सलनं मागवला, मोबाईलवर एक व्हिडिओ तीनदा पाहिला आणि सोमवारी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मिसळणाच्या डब्याला आरसा टेकवून टोचून घेतलं. उजवा गाल तसाच राहिला, कारण डावा फार दुखला.

समोरच्या वहिनींनी लगेच तक्रार केली. नोटीस हातोहात गेली. साडेदहाला बेबी ती घेऊन माझ्या टेबलापुढं उभी.

"अगं शहाणे, गावातले डॉक्टर काय संपावर होते?" मी म्हणाले. "आणि परवानगी? बहीण याच खात्यात बसते, तिला एका शब्दानं विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, अक्का."

ते खरं होतं. मी तिला बाकावर बसायला सांगितलं.

आमचे कनिष्ठ अभियंता माळवदे टेप घेऊन आले. त्यांनी दोन्ही गाल मापले आणि चष्मा वर केला.

"डावा गाल चार मिलिमीटर वाढलाय. डोळ्याखाली मोकळी जागा सोडावी लागते, तीही व्यापलीय. त्यातून डोळ्याला जाणारी रक्तवाहिनी इथनंच जाते. वाहिनीवरच्या बांधकामाला माफी नाही, ताई. चार वाजता पाडायचं."

पाडायचं म्हणजे भराव विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. ते विभागाकडं असतं, आणि विभागाच्या वतीनं डॉक्टरांकडंही. ते दिलं की भराव जातो आणि गाल पूर्वीसारखा बसतो.

बेबीनं माझा हात धरला. "अक्का, राहू दे गं हा गाल. एवढा एक राहू दे. पुढच्या गादीवर बसेन मी."

आमच्या गावात नोटीस आली की माणूस आधी स्थगिती आणतो, मग पाणी पितो. का आणतो, ते कुणी विचारत नाही. चोवीस वर्षांत मी कुणासाठी शब्द टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला. सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि मुख्याधिकाऱ्यांकडं स्वतः घेऊन गेले. साडेबारा वाजता 'जैसे थे'चा आदेश हातात पडला. सुनावणी होईपर्यंत सदर गालास कोणीही हात लावू नये. मी त्याला जावक क्रमांक घातला, प्रत पर्समध्ये ठेवली आणि दोघींसाठी चहा सांगितला. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटला.

चहा अर्धा झाल्यावर बेबी म्हणाली, "डाव्या डोळ्यापुढं धुरकट दिसतंय."

"रडलीस ना मघाशी," मी म्हणाले.

दीड वाजेपर्यंत गाल पांढराफटक पडला आणि त्यावर निळसर जाळी उमटली. मग मात्र मी तिला रिक्षात घालून पाटणकर डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गाल दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भरावानं वाहिनी कोंडलीय. डोळ्याला रक्त मिळत नाहीये. आत्ताच्या आत्ता विरघळवून बघतो. खात्री देत नाही, पण आता नाही केलं तर डोळा जाईलच."

त्यांनी इंजेक्शन भरलं. सुई गालाजवळ नेली आणि आमच्याकडं सगळेच डॉक्टर विचारतात तसं, रीत म्हणून विचारलं, "काही आदेश वगैरे नाही ना?"

त्या माणसाला उत्तर नको होतं. तो माझ्याकडं बघतही नव्हता. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण विचारलं की कागद दाखवायचा, हे माझ्या हाडात भिनलेलं. मी पर्स उघडली, आदेश काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो वाचला. मग त्यांनी सुई खाली ठेवली.

"हा कशाला दाखवलात, बाई?" ते हळू आवाजात म्हणाले. "आता मला हात लावता येत नाही. स्थगिती उठवून आणा. पळा."

मी पळाले. मुख्याधिकारी जिल्ह्याला बैठकीला गेले होते. फोनवर म्हणाले, "कुसुमताई, अर्ज तुमचाच ना? मग आता आदेश उठवायचा तर दुसऱ्या पक्षाला नोटीस द्यावी लागेल. पुढच्या मंगळवारी ठेवू सुनावणी."

दुसरा पक्ष म्हणजे माळवदे. ते शेजारच्या टेबलावर बसून डबा खात होते.

"माळवदे, माझी काही हरकत नाही. तुमचीही नाही. चला, पाडून टाका," मी म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ताई, हरकत नसल्याचंही सुनावणीत नोंदवावं लागतं. मागच्या वर्षी ओठांच्या प्रकरणात तुम्हीच मला परत पाठवलं होतं."

पाठवलं होतं. मी त्या ओठांच्या बाईला नियमही वाचून दाखवला होता.

चार वाजता माळवदे ठरल्याप्रमाणे इंजेक्शन घेऊन दवाखान्यात आले. बेबी टेबलावर पडून होती. आदेश पाहून त्यांनी पंचनामा केला: आदेशास अधीन राहून कारवाई न करता परत. साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी सही त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगली आली. बेबी म्हणाली, "अक्का, दिवे गेले का गं?" दिवे होते. माझ्या हातानं मी तिचा डोळा जावक केला होता. त्या आदेशाचं तिथंच चिटोरं केलं असतं तर मला कुणी फासावर चढवलं नसतं. मला ते सुचलंच नाही. सुचलं तेव्हा पावणेसहा झाले होते.

मंगळवारी सुनावणी झाली. वाहिनी आता चालू नसल्यामुळं वाहिनीवरच्या बांधकामाचा मुद्दा निकाली निघाला आणि बेबीचा गाल नियमित करण्यात आला. बाधित भाग या रकान्यात माळवदेंनी 'डावा डोळा, बंद' असं लिहिलं. दुकानाच्या मालकानं तिला घड्या घालायलाही येऊ नको म्हणून निरोप पाठवला.

त्यानंतर बेबी माझ्या घरी आली नाही. मी दोनदा गेले, दार तिच्या नवऱ्यानं उघडलं आणि ती झोपलीय म्हणाला. दोन्ही वेळा आतून भांड्यांचा आवाज येत होता.

परवा ती गालाचं प्रमाणपत्र न्यायला ऑफिसात आली. तशीच थेट माळवदेंच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. मी फाइल घेऊन तिच्या डाव्या बाजूला होते, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता इतक्या जवळ. काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"साहेब," तिनं विचारलं, "अक्का नाही का आज?"

माळवदेंनी माझ्याकडं पाहिलं. मी नकाराची मान हलवली.

"नाहीत," ते म्हणाले.

"बरं झालं," बेबी म्हणाली आणि सही कुठं करायची ते विचारलं.