उत्तरेची धार आणि सायीचं भांडं

मी फ्रिडली, धंद्याने सुतार. स्वित्झर्लंडमधल्या आमच्या ग्लारुसच्या डोंगरांत मला कोणी शहाणपण शिकवू नये. पंचवीस वर्षं चढतोय. शहरातली माणसं नव्याकोऱ्या बुटांत येतात, कुठेतरी लटकतात आणि हेलिकॉप्टर बोलावतात. त्यांचा मला राग येतो, आणि तो मी तोंडावर सांगतो.

जुलैतल्या एका शनिवारी मी आणि माझे दोस्त हायरी आणि योस वरच्या मुक्कामघरात राहिलो होतो. तिथे सकाळी निघताना वहीत नाव लिहायचं आणि कुठे चाललात तेही लिहायचं. माणूस हरवला तर वहीत लिहिलंय तिथेच शोधतात. मी वही उघडली. आदल्या दिवशीच्या चारही नोंदी ‘उत्तरेची धार’, म्हणजे डोंगराच्या कण्यावरची सगळ्यात अवघड चढाई! त्यात एक तर झुरिकचा दातांचा डॉक्टर. आता याच्याखाली मी ‘पायवाटेने मेल्क गवळ्याच्या कुरणावर’ असं लिहू? त्यापेक्षा रंधा टाकून विणकाम करीन. लिहिलं ठसठशीत: उत्तरेची धार, तिघे.

बाहेर आल्यावर योसने विचारलं, “खरंच जायचंय? माझा गुडघा आज कुरकुरतोय.”

“लिहिलं म्हणजे गेलंच पाहिजे असा कायदा आहे का?”

फाशी रद्द झालेल्या कैद्यासारखा हायरी भराभर पायवाटेला लागला.

साडेअकराला आम्ही मेल्कच्या गोठ्यासमोर बूट काढून पसरलो होतो. मधोमध ताज्या सायीचं भांडं, शेजारी चीज. तेवढ्यात समोरच्या डोंगरावर गडगडलं. आभाळात ढग नव्हता. तासाभराने हेलिकॉप्टर आलं आणि धारेभोवती घिरट्या घालू लागलं.

“अडकला कोणीतरी बिनडोक,” मी म्हणालो. “असल्यांना डोकं तपासून मगच वर सोडायला पाहिजे.”

“आणि डोकं सापडलं नाही तर?” योस म्हणाला.

म्हातारा मेल्क फोन घेऊन गोठ्यातून बाहेर आला. आम्हा तिघांना बोटाने मोजलं.

“धारेवर दरड कोसळली. तिघं गाडले गेलेत म्हणे,” तो म्हणाला. “फ्रिडली, त्यातला एक तू आहेस.”

मी चमचा खाली ठेवला.

“गप्प राहू,” हायरी कुजबुजला. “संध्याकाळी आपोआप खाली पोचू. लोक म्हणतील, वाचले बिचारे.”

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण हेलिकॉप्टरमधून दोरावर एक माणूस खाली उतरत होता आणि त्याच्या आजूबाजूने अजून दगड सुटत होते. माझ्या ठसठशीत अक्षरापायी तो तिथे लोंबकळत होता. मी मेल्कच्या हातातून फोन ओढला. पलीकडे मुक्कामघर सांभाळणारी बाबेत होती, रडून घसा बसलेला.

“बाबेत, मी फ्रिडली. त्या माणसाला वर घ्यायला सांग. धारेवर कोणी नाही.”

“कुठे आहेस तू? लागलंय का?”

“मेल्ककडे. लागलं नाही.”

“मग करतोयस काय तिथे?”

“साय खातोय.”

त्यानंतर ती जे बोलली ते अडेल खेचरालाही कोणी बोलत नाही. पण बोलता बोलता तिने निरोप दिला असावा. दोरावरचा माणूस हळूहळू वर गेला, हेलिकॉप्टरात शिरला. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लग्नावरून आठवलं. “बाबेत, रेगुलाला कळवलंस?”

“तासाभरापूर्वी.”

माझी बायको तासभर विधवा होती! घरचा नंबर लावला.

“रेगुला, मी जिवंत आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज नुकतंच नाक पुसल्यासारखा होता. “मी त्यांना तेव्हाच सांगितलं, धारेवर कशाला शोधताय, जवळपास साय कुठे मिळते तिथे बघा. ऐकेनात. म्हणाले, वहीत लिहिलंय.”