कुबिचेकांच्या पिकअपचा चौथा गिअर

एमिल कुबिचेकचा डावा गुडघा डॉक्टरांनी बदलला आणि त्या दिवसापासून त्याच्या एकावन्न सालच्या पिकअपचा क्लच त्याला परका झाला. पेडल इतकं जड की नवा गुडघा अर्ध्या वाटेतच हात टेकायचा. लिंकन शहरात राहणाऱ्या मुलीने, जॉयसने, फोनवरच निकाल देऊन टाकला.

“बाबा, विका आता ती गाडी. शहात्तर वय आहे तुमचं.”

“माझ्या बापाने कोरी घेतली होती ती.”

“म्हणून तर म्हणतेय. दोघंही जुने झालात.”

एमिलने जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. त्याने ठरवलं, क्लच जाईल, गाडी राहील. भंगारातून त्याने चाळीस वर्षांनी धाकट्या एका ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उचलून आणला. चार गिअर, त्यातला चौथा ओव्हरड्राइव्हचा. म्हणजे इंजिनाने कमी फिरायचं आणि चाकांनी जास्त.

धान्याच्या कोठारावर रोज सकाळी म्हातारे कॉफी प्यायला जमतात. तिथली खिडकीजवळची खुर्ची तीस वर्षं मिलो व्हॉन्ड्राची. तिथे बसलं की रस्त्यावरून कोण गेलं, कुणाबरोबर गेलं, सगळं दिसतं. मिलो तिथूनच म्हणाला, “एमिल, हे लग्न टिकायचं नाही. वयात फार अंतर आहे.”

“टिकेल.”

“तुझी गाडी जन्मात पन्नासच्या वर गेलेली नाही. अर्धा तालुका तिच्यामागे रखडलाय, मीसुद्धा. ती साठ जरी गेली ना, तरी ही खुर्ची सोडतो मी. पण पुरावा पाहिजे. लेखी!”

सगळा हिवाळा एमिल शेडमध्ये होता. इंजिनाची भोकं गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात, म्हणून मध्ये जाड पोलादी प्लेट बसवली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी वायर तर केसभर सैल राहिली तरी गिअरबॉक्स जळणार, म्हणून ती त्याने अकरा वेळा बांधली. एकच गोष्ट जमली नाही. वेगाच्या काट्याची वायर नव्या गिअरबॉक्सला बसेना. एमिलने ती गुंडाळून ठेवून दिली. काटा तसाही बारा वर्षं झोपलेला होता आणि त्याचं काही अडलं नव्हतं. तो गाडी कानाने चालवायचा. इंजिनाचा एक ठरावीक सूर लागला की पन्नास मैल, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

ईस्टरच्या जेवणाला जॉयसने बोलावलं, तेही अट घालून. “या घेऊन तुमची ती गाडी. पण वाटेत पोलिसाचा दंडाचा एक जरी कागद तुमच्या नावावर फाटला, तर किल्ली माझ्याकडे. कबूल?”

“कबूल,” एमिल म्हणाला. पन्नासच्या गाडीला कोण कागद देणार!

त्याची बायको लिबी कोलाच्यांचं, म्हणजे खसखशीचं सारण भरलेल्या गोड पावांचं, ताट मांडीवर घेऊन शेजारी बसली. लग्नाला एकावन्न वर्षं झाली, पण या गाडीचं चाक तिच्या हाती कधी आलं नव्हतं. “या गिअरच्या दांड्याची खुबी कुबिचेकांच्याच हाताला कळते,” असं सासऱ्याने सांगितलं होतं आणि नवऱ्याने ते पुढे चालवलं होतं.

पहिल्याच चौकात एमिलचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, ब्रेक होता. चार कोलाचे उडून काचेला चिकटले.

“पाय सीटखाली घाल!” लिबी म्हणाली.

“कुठला?”

“जो ऐकत नाही तो!”

मग हायवे लागला. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला आणि इंजिन नेहमीसारखं बोंबलू लागलं. आणि मग चौथा पडला. बोंब एकदम थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या गाडीत वाऱ्याचा आवाज ऐकू आला. लिबीने गुडघ्यांवरचे कोलाचे वेचायचं सोडलं.

एमिलने हळूच पेडल दाबलं, नेहमीचा सूर लागेपर्यंत. लागला. पन्नास.

“आज सगळे फार हळू चालवतायत,” तिसऱ्या गाडीला मागे टाकताना तो म्हणाला.

“सणाचा दिवस ना,” लिबी म्हणाली.

वळणाच्या पुढे पाटीमागून शेरिफचा शिपाई डेरिल स्लाडेक दिवे लावत निघाला. गाडी थांबवून तो खिडकीशी आला. येताना त्याने रस्त्याकडे दोनदा वळून बघितलं.

“एमिलकाका, तुमच्या मागून कुणी गेलं का?”

“नाही बुवा.”

“साठचा रस्ता आहे. माझ्या यंत्रात एक्काहत्तर आलंय.”

“कुणाचं?”

दोघेही गाडीकडे बघू लागले. डेरिलने टोपी काढली. “काका, झाकण उघडता का जरा?” मग दोघं इंजिनावर वाकून पाव तास उभे राहिले. डेरिल गाडीखाली आडवासुद्धा झाला, ईस्टरच्या इस्त्रीच्या कपड्यांत. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

“कागद नाही फाडत. लिहू काय? कुबिचेकचा पिकअप, एक्काहत्तर? हापिसात माझ्याच तोंडाचा वास घेतील.”

एमिलला हायसं वाटलं, पण क्षणभरच. तो कागद म्हणजे मिलोची खुर्ची होती. आणि तोच कागद म्हणजे जॉयसच्या हातातली किल्ली होती. त्याने लिबीकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी ते पोचले, तेव्हा जॉयसच्या केसांत अजून रोलर होते. “एवढ्या लवकर?”

“वारा मागून होता,” एमिल म्हणाला.

डुकराचं मटण, डम्पलिंग आणि आंबट कोबी रेटून झाल्यावर निघायच्या वेळी एमिलचा गुडघा उठेना. लिबीने हात पुढे केला. “किल्ली.”

“अगं, त्या दांड्याची खुबी...”

“आता त्यावर अक्षरं लिहिलीयत, एमिल. वाचता येतं मला.”

चौथा पडला तेव्हा लिबी नुसती हसली. तिने पेडल दाबलं. सूर लागला, आणि सुराच्या वरही थोडा गेला.

“लिबी, कानाने ऐक! हे पन्नास नाहीये!”

“ठाऊक आहे मला.”

त्याच पाटीमागून तेच दिवे निघाले. “काकू, तुम्ही?” डेरिल खिडकीत वाकला.

“किती आलं?”

“त्र्याहत्तर. पण जाऊ द्या, सणाचा...”

“लिही. गाडीचं सालही लिही. अक्षर नीट काढ.”

सोमवारी कोठारावर मिलोने तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. मग उठून त्याने टोपी छातीशी धरली. “एमिल, या वयात मला चमत्कार बघायला मिळाला,” तो म्हणाला, आणि ते मनापासूनच म्हणाला. एमिल खुर्चीकडे सरकला. मिलोने त्याला हाताने अडवलं.

“कागदावर नाव कुणाचं आहे?”

एमिलबरोबर आलेली लिबी पर्स मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसली. पर्समध्ये किल्ली होती. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला, एमिलने उचलला. पलीकडून जॉयस विचारत होती, “बाबा, खरं सांगा. पोलिसाचा कागद मिळाला?”

“माझ्या नावावर एकही नाही, देवाशपथ,” एमिल म्हणाला.

“मग गाडी ठेवा. पण जपून चालवा.”

एमिलने खिडकीकडे बघितलं. लिबीने रिकामा कप त्याच्या दिशेने उचलून धरला होता.

“जपूनच चालवते ती,” तो म्हणाला, आणि कॉफीची किटली आणायला गेला.