आप्पांची दोन बोटं

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, तलवाडा. हजर: आप्पा दलाल, त्यांचा बैल, आणि गावचा मास्तर म्हणून मी. गैरहजर: चिनी कापडवाला.

आप्पांचा बैल रोज सकाळी चिनी ऐकतो. बादली पुढं ठेवताना आप्पा त्याला "श्वेइ" म्हणतात, म्हणजे पाणी. वैरण टाकताना "छ्-फान्-ल-मा?", म्हणजे जेवलास का. त्या कापडवाल्याच्या चौकशीला आलेल्या जमादारालाही त्यांनी हेच विचारलं. त्याला ती शिवी वाटली. मी मध्ये पडून अर्थ सांगितला, तेव्हा तो जेवूनच गेला.

माघात तो चिनी खांद्यावर रेशमाचं गाठोडं घेऊन गावात आला आणि तापानं आप्पांच्या ओट्यावर आडवा झाला. बारा दिवस आप्पांनी त्याला पेज पाजली. उतार पडल्यावर तो एकेका वस्तूकडं बोट करून शब्द सांगू लागला. आप्पांना अक्षरओळख नाही. "लिहा मास्तर, इसरून जाईन." मी वहीत क्रमवार एकेचाळीस शब्द उतरवले. रोज ते वाचून दाखवणंही माझ्याकडंच आलं.

माघ सरता सरता निघताना त्यानं पहाटेच्या चंद्राकडं हात केला आणि अंगठा व शेजारचं बोट उघडून दाखवलं. आप्पांचा जन्म जनावरांच्या बाजारात, उपरण्याखाली बोटं दाबून सौदे जमवण्यात गेलेला. "दोन चांद. दोन म्हयन्यांनी येतो म्हणतुया."

चैत्र गेला, वैशाखही गेला. आप्पांची भाकरी अर्ध्यावर आली. गेवराईच्या गाड्या अडवून झाल्या, कपिलधारहून परतणाऱ्या यात्रेकरूंना विचारून झालं.

"विसरला असेल, आप्पा."

"इसरंल कावून? ताप उलटला असंल. वाटंत पाणी मागायचं तर कसं मागंल मास्तर? म्या त्याची बोली शिकलो. आपला एक शबुद त्याला शिकवला न्हाई."

वहीतलं पहिलंच, आकड्यांचं पान ते रोज ओलांडायला लावत. "बाजारवाल्याला आकडे शिकवता व्हय?" आज मी ऐकलं नाही, वही पहिल्यापासून वाचली. आठव्या ओळीत माझ्याच अक्षरात होतं: पा, म्हणजे आठ. खूण: अंगठा व शेजारचं बोट.

मी तसा हात करून दाखवला. आप्पांनी आपलाही केला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"आठ? म्हंजे आश्विनात! अजून यायची येळच झाली न्हाई की त्याची." ते हसले आणि उपरण्यानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसून घेतले. "बाजारात सांगू नका, मास्तर. लई हसतील."

मग बैलाकडं बघतच म्हणाले, "कारभारीण गेल्यापून ओट्यावर दोन ताटं त्या कापडवाल्यामुळंच पडली. लिहा. 'ऱ्हा की अजून चार दिस' ह्याला काय म्हणतात, ते इचारायचं ऱ्हायलंय."

बेचाळिसावी ओळ मराठीत लिहून ठेवली आहे. तिच्यासमोरचा रकाना अजून भरायचा आहे.