साळिंदराची हातभर वायर

एका जंगलात रेंज फार चांगली होती.

वडाच्या शेंड्यावर रेंज होती, नदीच्या तळाशी रेंज होती. वाघाच्या गुहेत तर इतकी छान होती की आत गेलेली शेळी घरच्यांना 'पोचले' असा मेसेज न चुकता करायची. परत निघाल्याचा मेसेज मात्र कधी आला नाही. असो.

तर बाळांनो, त्या जंगलात विसूभाऊ नावाचं एक साळिंदर राहत होतं. तुम्हाला डायनासोर सगळे ओळखू येतात, साळिंदर येणार नाही, म्हणून सांगतो. साळिंदराच्या पाठीवर लांबच लांब काटे असतात. विसूभाऊ स्वभावाने अगदी मवाळ होता. पण काटे त्याच्या स्वभावाला विचारून उगवले नव्हते.

त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे पाट रिकामे असायचे. वाढपी लांबूनच नेम धरून जिलबी टाकायचा. "या, या विसूभाऊ!" असं सगळे तोंडभरून म्हणायचे आणि सरकून बसायचे. जागा करून देण्यासाठी नव्हे, बरं का.

फक्त एकजण त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा. दामू पाणमांजर. आणि याचं श्रेय एका वायरीला होतं.

ही वायरीची गोष्ट रेंज यायच्या आधीची. त्या काळी मोबाइल नव्हते. खेळाची डबी असायची. हातात मावेल एवढी, करड्या रंगाची. तिचा पडदा सावलीत दिसायचा नाही आणि उन्हात बसलं तर डोकं तापायचं. डबीत एकच खेळ होता. या डबीतून जांभूळ उडवायचं, त्या डबीत ते वरून पडायचं आणि त्या डबीवाल्याने ते टोपलीत झेलायचं. हुकलं की पचकन आवाज यायचा.

जांभूळ या डबीतून त्या डबीत जायला मध्ये वायर लागायची. ती जेमतेम हातभर होती. बनवणाऱ्यांनी ती एवढी आखूड का ठेवली, देव जाणे. त्यातून तिचं एक टोक सैल. ते सतत अंगठ्याने दाबून धरायचं. कुणी हसलं, हललं, की टोक निसटलंच. मग जांभूळ मधल्यामध्ये गडप आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दोघं एकमेकांना चिकटून, हसू दाबून खेळायचे. मध्येच दामूच्या मांडीत काटा शिरायचा.

"ऊं! अरे, जरा आवर की रे विसू!" असं म्हणून दामू तो काटा उपटायचा, बाजूला ठेवायचा आणि पुन्हा चिकटून बसायचा. उठून जायचा नाही. जाणार कुठे? वायर हातभर होती.

खरं सांगू? विसूभाऊला जांभळांचं काही पडलेलं नव्हतं. खेळात तो यथातथाच होता. त्याला शेजार हवा होता.

पुढे वायर तुटली. डब्या बंद पडल्या. दामू नदीच्या पलीकडच्या तीरावर राहायला गेला. जंगलात मोबाइल आले आणि सगळे एकमेकांच्या इतके जवळ आले की कुणी कुणाकडे जाईनासं झालं.

अशात एक दिवस मुंगूस इंजिनियरने सभा बोलावली. हा मुंगूस फार हुशार. वारुळात त्याचं ऑफिस होतं. तिथल्या मुंग्यांना त्याने 'टीम' असं नाव दिलं होतं, त्यामुळे त्या रविवारीही कामाला यायच्या.

"मित्रहो," मुंगूस म्हणाला, "आम्ही जुनी डबी मोबाइलमध्ये आणली आहे. याला एम्युलेटर म्हणतात. म्हणजे काय, तर मोबाइलला वाटतं की आपण डबीच आहोत."

"आणि वायर?" मागून विसूभाऊने विचारलं.

"वायरसुद्धा! मोबाइलला वाटतं, आपल्याला वायर लावली आहे."

विसूभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग कुणी कुठे बसायचं?"

"बसायचं कशाला? तुम्ही इथे, दामूशेठ तिकडे. आमची वायर हवी तेवढी लांब होते!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ससा तर उड्याच मारायला लागला. "म्हणजे आता विसूभाऊशी लांबून खेळता येईल!" तो मनापासून खूश होऊन म्हणाला. विसूभाऊनेही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, आपणच कसं गप्प बसायचं?

त्यानंतर विसूभाऊला भलतीच मागणी आली. जंगलाच्या कानाकोपऱ्यातून त्याच्या मोबाइलवर जांभळं पडू लागली. दामूनेही नदीपलीकडून जांभळं पाठवली, वर अंगठाही पाठवला. चित्रातला अंगठा, बाळांनो. त्याने काहीही दाबलं जात नाही.

विसूभाऊ झाडाखाली एकटा बसून झेलत राहिला. त्याला इतकं एकटं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. शेवटी तो उठून वारुळाशी गेला.

"इंजिनियरसाहेब, वायरीत बिघाड आहे."

"कसला?"

"लांब आहे."

मुंगूस चष्मा पुसू लागला. "लांब आहे म्हणजे?"

"पहिली हातभर होती. जरा लांब गेलं की खेळ बंद पडायचा."

"अहो विसूभाऊ, तो दोष होता. आम्ही काढून टाकला."

"तो परत घाला ना."

"दोष काढायला रोज कुणी ना कुणी येतं," मुंगूस म्हणाला, "घालायला तुम्हीच पहिले. तेवढं आम्ही कुणी न सांगताच करत असतो. पण का घालायचा, ते तरी सांगा."

आता इथे विसूभाऊ चुकला. 'माझ्याजवळ कुणी बसत नाही' एवढंच सांगायचं होतं. एका दमात सांगून झालं असतं. पण त्याला लाज वाटली. त्याने पायाने माती उकरली आणि म्हणाला, "नाही, म्हणजे, ते तितकंसं अस्सल वाटत नाही."

वारुळाला टेकून तात्या कासव झोपले होते. तात्या हे 'जतन मंडळा'चे अध्यक्ष. जंगलात जुनं काही मोडलं की ते दुरुस्त न करता त्याच्याविषयी भाषण करायचं, हे मंडळाचं काम. 'अस्सल' हा शब्द कानावर पडताच त्यांची मान कवचातून सर्रकन बाहेर आली.

"कोण म्हणालं अस्सल?" तात्या गरजले. "अगदी बरोबर आहे! वायर होती तशीच हवी! आखूड हवी, सैल हवी! मंडळ हा अपमान सहन करणार नाही!"

मंडळापुढे मुंगसाचं काही चालेना. त्याने मुंग्यांना कामाला जुंपलं आणि 'अस्सल आवृत्ती' काढली. आता दोन मोबाइल हातभर अंतरात नसले की खेळ थांबायचा. अंगठा उचलला की थांबायचा. कुणी हसलं की थांबायचा.

विसूभाऊला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने अंगण झाडलं. जागा नीट पुसून घेतली. आपल्या शेजारी एक मऊ चटई अंथरली आणि दामूला निरोप धाडला. "येतो रे," दामूचं उत्तर आलं.

पण तात्यांनी आधी चाचणी घेतली आणि नाक मुरडलं. "टोचलं नाही," ते म्हणाले.

"काय टोचलं नाही?" मुंगसाने विचारलं.

"ही वायर लावून खेळताना टोचायचं. जंगलात सगळ्यांना ठाऊक आहे. दामूला विचारा. टोचत नसेल, तर याला अस्सल कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

मग मुंगूस आपली सगळी टीम घेऊन विसूभाऊकडे आला. मुंग्यांनी त्याचा एकेक काटा मापला. तो झेलताना कसा सुस्कारा टाकतो, हरला की काय पुटपुटतो, हसू दाबताना त्याचं नाक कसं हलतं, ते सगळं टिपून घेतलं. मुंगूस तर त्याच्या पाठीला पाठ लावून बसला. विसूभाऊ दिवसभर हालला नाही. इतके जण इतक्या जवळ त्याच्या जन्मात कधी बसले नव्हते. सगळे निघाले तेव्हा "अजून काही मापायचं राहिलं असेल तर बघा," असं तो दोनदा म्हणाला.

आणि मग ती आवृत्ती आली. 'वायर, विसूभाऊसकट.'

मुंगसाने सभेत समजावून सांगितलं. "वायर आखूड का हवी? तर शेजारी जवळ असावा म्हणून. आता आम्ही शेजारीच मोबाइलमध्ये घातला आहे. तो कायम तुमच्या हातभर अंतरात असतो. मधूनमधून मोबाइल तुम्हाला बारीकसा टोचतो. खऱ्या विसूभाऊची काही गरजच नाही!"

खरा विसूभाऊ पहिल्या रांगेत बसला होता. मुंगसाने त्याचा जाहीर सत्कार केला. हार मात्र काठीच्या टोकाने घातला.

त्या दिवसापासून जंगलात घरोघरी विसूभाऊ झाला. ससा विसूभाऊला बिळात घेऊन झोपू लागला. वाघसुद्धा जेवण झाल्यावर घटकाभर विसूभाऊशी खेळायचा. इकडे अंगणातली चटई तशीच होती. लांबून येणारी जांभळंही आता बंद झाली होती. विसूभाऊला विसूभाऊचा हेवा वाटू लागला. हे फार वाईट असतं, बाळांनो. दुसऱ्याचा हेवा वाटला तर निदान त्याच्याविषयी चार वाईट शब्द बोलता तरी येतात.

शेवटी न राहवून तो पूल ओलांडून पलीकडच्या तीरावर गेला.

दामू खडकावर ऊन खात बसला होता. तो जरा म्हातारा दिसत होता. मान खाली, हातात मोबाइल, अंगठा काठावर घट्ट दाबलेला. तसाच, पूर्वीसारखाच.

"दामू," विसूभाऊने हाक मारली.

"थांब रे जरा," दामू मान वर न करता म्हणाला, "विसूशी खेळतोय."

'अरे, मीच तो!' हे शब्द विसूभाऊच्या ओठांवर आले. पण त्याचं लक्ष दामूच्या शेजारी गेलं. खडकावर तिथे जागा होती. अगदी एकाची. आपण बोललो तर दामू दचकेल, उठेल, "अरे या, या!" म्हणेल. मग चहापाणी होईल. मग दोघं चहा पितील, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक.

विसूभाऊ हळूच जाऊन दामूच्या मांडीला मांडी लावून बसला.

"ऊं!" दामू ओरडला. मग पडद्याकडेच बघत म्हणाला, "वा! आज काटा अगदी खरा वाटतोय. सुधारणा केलेली दिसते." त्याने चाचपडत काटा उपटला, बाजूला ठेवला आणि आणखी जरा रेलून बसला.

विसूभाऊला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही त्याने दाबून धरलं. दुपार कलली, सावल्या लांबल्या, जांभळं पडत राहिली. तो फार सुखात होता, आणि असं सुखात असल्याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

खेळ संपल्यावर दामूने मोबाइलवर अभिप्राय लिहायला घेतला. एकेक अक्षर शोधत, सावकाश. 'विसूभाऊ हुबेहूब जमला आहे. आज तर जवळ बसल्याचा भास झाला. फक्त तो श्वास घेतो त्याचा मानेवर त्रास होतो. तेवढं बंद करता आलं तर बघावं.'

विसूभाऊने शेजारून ते सगळं वाचलं आणि श्वास रोखून धरला.

तात्पर्य : मित्राच्या शेजारी जागा मिळाली, तर आपण खरे आहोत हे सांगायची घाई करू नये. खऱ्याला सगळे लांबूनच नमस्कार करतात.