राखाडी कोटाची अदलाबदल

धाकट्या नणंदेचं लग्न मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात पाहुणे येणार, म्हणून सासूबाईंनी सुनेच्या हातात सासऱ्यांचा राखाडी कोट ठेवला आणि धुऊन आणायला सांगितला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोट बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवरच होता. सासूबाई दर शनिवारी त्याला ब्रश मारत. दुसऱ्या कोणाची त्याला बोट लावायची छाती नव्हती. सासूबाई कधी ओरडत नसत. चष्मा काढून नुसत्या बघत, आणि तेवढ्यानं घरातली मांजरसुद्धा पलंगाखाली जाई.

धुलाईवाल्याकडे जायच्या वाटेवर जुन्या कपड्यांचं दुकान होतं. सुनेचा जीव त्या दुकानात अडकलेला. दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारून मिळणाऱ्या पगारात नवं, भडक काही घेणं जमत नसे. इथे मात्र एखाद्या नटीने टाकल्यासारखे झगे भाजीच्या भावात मिळत. त्या दिवशी काचेमागे पोपटी मखमलीचं जाकीट होतं. नुसतं घालून बघावं म्हणून ती आत शिरली आणि कोट तिने कपडे बदलायच्या पडद्याबाहेरच्या हुकाला अडकवला.

दुकानाची एक रीत होती. घालून बघितलेला, नको असलेला कपडा त्या हुकाला लावायचा. दुकानदारीण तो उचलून पुन्हा विक्रीला ठेवी. सुनेला ही रीत तोंडपाठ होती. पण पोपटी मखमल अंगावर चढल्यावर तोंडपाठ गोष्टीही आठवत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा हूक रिकामा होता.

"तो? आत्ताच गेला की," दुकानदारीण म्हणाली. "एक गृहस्थ अंगात घालूनच गेले. शिवल्यासारखा बसला त्यांना."

सून रस्त्यावर धावली. थंडीचे दिवस, दर दुसरा माणूस राखाडी कोटात. दोघांच्या तिने बाह्या धरल्या, तिसरा तिला बघूनच पळाला. शेवटी त्याच दुकानातून तिने तसाच दिसणारा दुसरा कोट उचलला आणि घरी येऊन खुंटीला लावला. भीतीपायी तो धुवायला द्यायचंही राहून गेलं. जाकीट तेवढं दुकानात राहिलं नाही. ते अंगावरच होतं.

शनिवार उजाडला. सासूबाईंचा ब्रश मध्येच थांबला. त्यांनी कॉलर नाकाशी नेली.

"ह्यांनी जन्मात अत्तर लावलं नाही."

"धुलाईवाल्याकडचा वास असेल, आई."

"धुऊनही गेला नाही, म्हणजे किती मुरला असेल."

मग आतल्या खिशातून केसांचा चाप निघाला, त्यात तांबूस केस. त्या खिशात आपण कधी हात घातला नव्हता, असं सासूबाई सावकाश म्हणाल्या. कोट त्यांना ढगळही वाटला. बाहेर कुठेतरी जेवून सुटले होते तर, असं त्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघत म्हणाल्या आणि त्यांनी फोटो भिंतीकडे फिरवला.

सुनेची झोप उडाली. खरं सांगावं तर आपलं काही खरं नाही. न सांगावं तर एका निष्पाप माणसाची मेल्यावर अब्रू जातेय. दवाखान्यात ती एकच नंबर दोनदा पुकारू लागली. आणि सासूबाईंनी सासऱ्यांच्या टपाल कचेरीतल्या मित्राला बोलावून घेतलं. आज हे सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून सून चहाचा ट्रे घेऊन आत गेली.

सासूबाईंनी चाप टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

मित्राच्या कपाळावर घाम आला. "वहिनी, मी तेव्हाच म्हणत होतो त्याला, घरी सांगून टाक म्हणून."

सुनेने ट्रे टेबलावर टेकवला.

"केस तांबूस?" सासूबाईंनी विचारलं.

"असतील. मी खालीच उभा राहायचो."

"आणि हे वर काय करायचे?"

"नाच शिकायचा. जादा कामाच्या नावाखाली दर गुरुवारी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्हाला घेऊन नाचायचं होतं त्याला."

"मग नाचले का नाहीत?"

"तुम्हाला विचारायची भीती वाटली, वहिनी."

सासूबाईंनी चष्मा लावला. मित्राला म्हणाल्या, उठा, कुठलं पाऊल ते दाखवा. त्याला येत नव्हतं. मग त्या स्वतःच खुंटीपाशी गेल्या आणि कोटाची बाही हातात धरून उभ्या राहिल्या. कोणा परक्या माणसाची बाही. सांगायचं ठरवलेलं तसंच ठेवून सुनेने चहा पुढे केला.

नणंदेची थोरली मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, ऐन थंडीत, सकाळी सकाळी सासूबाई वारल्या. सुनेने तोवर त्यांना कोटाचं काही सांगितलं नव्हतं.